इंटिग्रेशनचे वर्कफ्लो कोडमधून चालू-बंद कसे करता? रोज रात्री माणूस जागवून वैतागलोय

शिरोली_नाका
नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय, वेळ काढून वाचा.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचं इंटिग्रेशन आम्ही सांभाळतो. बिझटॉक २०१६ आहे, म्हणजे एका सिस्टिममधला डेटा दुसरीत नेणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर, आणि त्यावर १७ ऑर्केस्ट्रेशन, म्हणजे वर्कफ्लो. मोठ्या गाड्यांच्या कंपन्यांकडून शेड्यूल येतं ते ईआरपीत, म्हणजे कंपनीच्या माल-हिशेबाच्या मुख्य सॉफ्टवेअरमध्ये जातं, ईआरपीतनं डिस्पॅच निघतं, मग ई-इनव्हॉइस, ई-वे बिल, असं सगळं त्यातनंच जातं. रोज रात्री ११ ला ईआरपीचा बॅकअप चालू होतो आणि महिनाअखेरीला अकाउंटवाले क्लोजिंग घेतात, तेवढा वेळ ईआरपीत बाहेरून काही शिरता कामा नये. आत्ता काय करतो तर आमच्यातला एकजण घरातनं सर्व्हरवर लॉगिन होतो, ॲडमिन कन्सोल उघडतो, एकेका ऑर्केस्ट्रेशनवर राइट क्लिक करून स्टॉप, आणि रात्री २ ला उठून परत स्टार्ट. परवा त्याला झोप लागली. सकाळी ७ च्या शिफ्टला माल भरून गाडी गेटवर उभी आणि बिल निघेना. पोराला मी काही बोललो नाही, दोन वाजता कुणालाही झोप लागेल.

आता हे सी शार्पमधनं करायचं ठरवलंय. विचारायचं असं की विंडोजच्या डब्ल्यूएमआयनं करू का बिझटॉकच्या स्वतःच्या एक्सप्लोरर ओएम लायब्ररीनं? आणि स्टॉप केलं त्या क्षणाला जे मेसेज अर्ध्या वाटेत असतात त्यांचं काय होतं? तुम्ही बिझटॉकवर नसला तरी लिहा, कॅमल, म्यूल, लॉजिक ॲप्स, इंटिग्रेशनचं असलं काहीही चालेल. मला कोण कसं करतंय ते बघायचंय.

उद्यमनगर
आधी त्या पोराला दोन दिवस सुट्टी द्या. मग कोड लिहू सगळे मिळून.

रंकाळावेस
दोन्ही रस्ते चालतात, मी दोन्ही वापरलेत.

डब्ल्यूएमआय म्हणजे रूट, मायक्रोसॉफ्ट बिझटॉक सर्व्हर या नेमस्पेसमधला एमएसबीटीएस ऑर्केस्ट्रेशन क्लास. क्वेरी मारून नावानं ऑर्केस्ट्रेशन शोधायचं आणि त्याच्यावर एनलिस्ट, स्टार्ट, स्टॉप, अनएनलिस्ट या मेथड बोलवायच्या. स्टार्टला पॅरामीटर असतात, रिसीव्ह लोकेशन, म्हणजे मेसेज आत येतो ते दार, पण सोबत चालू करू का, आणि आधी सस्पेंड केलेले इन्स्टन्स, म्हणजे मधेच थांबवलेली कामं, परत सुरू करू का. १ म्हणजे नको, २ म्हणजे कर. स्टॉपला पण तसेच, रिसीव्ह लोकेशन बंद करू का आणि चालू इन्स्टन्स सस्पेंड करू का. पॉवरशेलमधनं सुद्धा होतं, कंपाइल करायची भानगड नाही.

एक्सप्लोरर ओएममध्ये कॅटलॉग एक्सप्लोररचं ऑब्जेक्ट करायचं, त्याला मॅनेजमेंट डेटाबेसची कनेक्शन स्ट्रिंग द्यायची, ॲप्लिकेशनमधनं ऑर्केस्ट्रेशन काढायचं, स्टेटस बदलायचं आणि शेवटी सेव्ह चेंजेस. हे शेवटचं विसरलात तर कोड एररशिवाय पळतो आणि होत काहीच नाही, माझा अर्धा दिवस त्यात गेलाय. आणि प्रोजेक्ट ३२ बिटवर ठेवा, ती लायब्ररी ६४ बिटच्या प्रोसेसमधनं वापरायला नाही.

कोड २०-२५ ओळींचा आहे. खरा प्रश्न तुमचा दुसरा आहे, त्यावर रात्री लिहितो.

पेठेतला_पाहुणा
एक मूलभूत प्रश्न. कोड कशाला? बिझटॉकमध्ये रिसीव्ह लोकेशनला आणि सेंड पोर्टला, म्हणजे मेसेज बाहेर जातो त्या दाराला, सर्व्हिस विंडो देता येते, रोज अमुक वेळ ते तमुक वेळ चालू. तेवढं सेट करा, विषय संपला. जे प्रॉडक्ट स्वतः करतंय त्याला कोड लिहिला की उद्या तो कोड पण कुणीतरी सांभाळायला लागतो.

शिरोली_नाका
@पेठेतला_पाहुणा बरोबर आहे तुमचं आणि रोजच्या बॅकअपला ते पुरेल पण. पण क्लोजिंगची वेळ ठरलेली नसते हो. कधी ३० तारखेला रात्री ९ ला चालू होतं, कधी १ तारखेला दुपारी, आणि तीन तास म्हणून सात तास चालतं. अकाउंटच्या साहेबांनी बटण दाबलं की बंद आणि त्यांनी सोडलं की चालू, असं पाहिजे मला.

गडहिंग्लजकर
नवीन आहे, म्हणून विचारतो. ईआरपी बंद असताना काही बंद नाहीच केलं तर? सेंड पोर्ट परत परत प्रयत्न करतोच की.

रंकाळावेस
@गडहिंग्लजकर करतो, पण किती वेळ? डिफॉल्ट ३ वेळा, दर ५ मिनिटांनी. म्हणजे पंधरा मिनिटांत दम संपला आणि मेसेज सस्पेंड. तीन तासांच्या बॅकअपमध्ये सकाळी शेदोनशे सस्पेंड मेसेज हातानं रिझ्यूम करत बसायचे. आणि बॅकअपच्या वेळी ईआरपी पूर्ण बंद नसतो, अर्धवट उत्तर देतो, ते तर त्याहून वाईट.

साखरपट्टा
स्टॉप आणि अनएनलिस्ट यातला फरक कुणी बोललंच नाही अजून, आणि माझं दुखणं तेच आहे.

मी एका साखर कारखान्याचं काम करत होतो. काट्यावर ऊस तोलला की पावती तयार होते, ती बिझटॉकमधनं शेतकऱ्याच्या खात्याला जाते. गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी ट्रायल घेत होतो, त्यावेळी मी स्क्रिप्ट लिहिली चालू-बंदची, आणि बंद करायला अनएनलिस्ट टाकलं. मला वाटलं पक्कं बंद केलेलं बरं. हंगाम सुरू झाल्यावर एका रात्री डेटाबेसच्या कामासाठी तीच स्क्रिप्ट चालवली. सकाळी बघतो तर रात्रभराच्या पावत्या सगळ्या राउटिंग फेल्युअर. कारण अनएनलिस्ट केलं की मेसेजबॉक्स डेटाबेसमधलं सबस्क्रिप्शनच (कुठला मेसेज कुणाला द्यायचा ती नोंद) निघून जातं. मेसेज येतो, त्याला घेणारा कोणी नाही, तो आपटतो. नुसतं स्टॉप केलं असतं तर सबस्क्रिप्शन राहतं, मेसेज येऊन थांबून राहतात आणि स्टार्ट केल्यावर जातात.

आपल्या भागातल्या माणसाला हे बंधाऱ्यावरनं लगेच कळेल. बंधाऱ्याला बरगे घातलेत तर पाणी अडतं, मागं फुगतं, पण जातं कुठं नाही. ते स्टॉप. बरगेच काढून नेले तर वरनं येणारं पाणी तसंच खाली वाहून जातं, पाण्याला थांबायला जागाच नाही. ते अनएनलिस्ट. मी बरगे काढून घरी आलो होतो त्या रात्री. पावत्या नंतर काट्याच्या स्वतःच्या डेटाबेसमधनं परत काढल्या, एकाही शेतकऱ्याची पावती बुडाली नाही, पण ते दोन दिवस मी जेवलो नाही धड. रात्रभर थंडीत ट्रॅक्टर घेऊन नंबरला उभारलेला माणूस असतो त्या पावतीच्या मागं.

मंगळवारपेठ
बरग्यांचं लई भारी सांगितलंस भावा. माझं आजोळ भोगावतीकाठी, पावसाळ्याआधी बरगे काढायचे आणि पाऊस सरला की घालायचे, सगळं हातानं. बाहेरच्यांना ठाऊक नसतं, केटी वेअर म्हणतात त्यातलं के कोल्हापूरचं आणि टी टाइपचं. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा हे नाव सरकारी कागदावर सुद्धा असंच आहे.

पेठेतला_पाहुणा
हे माहीत नव्हतं. मी इतकी वर्षं केटी म्हणजे कुणा इंजिनिअरच्या नावाची अक्षरं समजत होतो.

दूधकट्टा
आमच्याकडं बिझटॉक नाही, अपाचे कॅमल आहे. दूध संकलन सकाळ-संध्याकाळ दोन वेळा, त्यामुळं दोन संकलनांच्या मधे रूट, म्हणजे मेसेज जायची वाट, बंद ठेवायची गरज पडते, रेट चार्ट बदलतो तेव्हा तर हमखास.

कॅमलमध्ये प्रत्येक रूटला आयडी द्या, न चुकता. मग रूट कंट्रोलर मिळवून स्टार्ट रूट, स्टॉप रूट, सस्पेंड रूट, रिझ्यूम रूट. जुन्या व्हर्जन २ मध्ये हे थेट कॅमल कॉन्टेक्स्टवर होतं, ३ पासनं रूट कंट्रोलरकडं गेलं, त्यामुळं नेटवरचे निम्मे जुने नमुने तसेच्या तसे चालत नाहीत.

माझी चूक सांगतो म्हणजे तुम्ही करणार नाही. फाइल संपली की रूटनं स्वतःलाच बंद करावं असं मी लिहिलं, त्याच रूटच्या आतनं. बंद करताना कॅमल काय करतं, वाटेतले एक्स्चेंज, म्हणजे काम चालू असलेले मेसेज, संपायची वाट बघतं. आणि वाटेत कोण? तर तोच एक्स्चेंज, जो बंद करायचा हुकूम देऊन उभा आहे. दोघं एकमेकाची वाट बघत बसले. जुन्या व्हर्जनला ही वाट बघायची मुदत ३०० सेकंद होती, आता ४५ आहे. प्रत्येक संकलनानंतर पाच मिनिटं सगळं थिजल्यासारखं व्हायचं आणि मला दोन आठवडे कारण सापडेना. उपाय म्हणजे वेगळ्या थ्रेडमधनं बंद करा नाहीतर कंट्रोल बस वापरा, त्यात रूट आयडी, ॲक्शन स्टॉप आणि असिंक ट्रू द्यायचं. मेसेजनंच रूट बंद होतो आणि मागं बघत कोणी बसत नाही.

अजून एक. कॅमलमध्ये तुम्ही बंद केलेला रूट ही गोष्ट फक्त मेमरीत असते. जेव्हीएम (कॅमल ज्याच्यावर चालतं ते) परत चालू झालं की ऑटो स्टार्टअप असलेले सगळे रूट उठून उभे, तुम्ही रात्री बंद केलेले पण.

रंकाळावेस
@दूधकट्टा हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. बिझटॉकमध्ये उलटं, तिथं स्टेटस मॅनेजमेंट डेटाबेसमध्ये लिहिलेलं असतं, सर्व्हर रीस्टार्ट झाला तरी स्टॉप ते स्टॉपच. एका सिस्टिमची सवय घेऊन दुसरीकडं गेलं की माणूस इथं चुकतो.

हुपरीची_चांदी
एवढा खटाटोप कशाला. ऑर्केस्ट्रेशन ज्यात चालतात ते होस्ट इन्स्टन्स बंद करा की. ती शेवटी विंडोज सर्व्हिसच आहे, नेट स्टॉप, नेट स्टार्ट, टास्क शेड्युलरला लावा. सबस्क्रिप्शन राहतात, मेसेज साठतात, चालू केलं की जातात. चार वर्षं करतोय, काही झालं नाही.

रंकाळावेस
@हुपरीची_चांदी तुमच्याकडं होस्ट वेगळे असतील म्हणून चालतं. ह्यांच्या १७ पैकी किती ईआरपीला हात लावतात? ई-इनव्हॉइसवालं रात्री चालूच राहिलं पाहिजे. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासनं ई-इनव्हॉइस सक्तीचंच आहे, बिल झाल्याशिवाय गाडी गेटबाहेर पडत नाही. होस्ट बंद केला तर त्याच्यावरचं सगळंच बंद.

आणि चाललेलं ऑर्केस्ट्रेशन मधेच थांबलं तर परत उठताना ते शेवटच्या पर्सिस्टन्स पॉइंटपासनं, म्हणजे जिथवरची स्थिती सेव्ह झालीय तिथनं, उठतं. सेंड शेपला, म्हणजे मेसेज पाठवायच्या पायरीला, तो पॉइंट पडतो म्हणून सहसा निभावतं. पण एक्सप्रेशन शेपमध्ये कुणी थेट डॉटनेट कोड लिहून डेटाबेसमध्ये एंट्री टाकत असेल आणि त्या एंट्रीनंतर पण पुढच्या पॉइंटच्या आधी बंद पडलं, तर उठल्यावर तीच एंट्री दुसऱ्यांदा पडते.

हुपरीची_चांदी
माझं मत तेच आहे, साधं ते टिकतं. पण डबल एंट्रीचं मी तपासून बघितलं नव्हतं हे मान्य. उद्या बघतो.

ताराराणी_चौक
मी अझूर लॉजिक ॲप्सवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या वर्कफ्लोवर, काम करते, तिकडचा अनुभव लिहिते कारण तो वेगळ्याच बाजूनं अंगावर आला.

तिथं वर्कफ्लो डिसेबल करायला पोर्टलवर बटण आहेच, पण कोडमधनं रेस्ट एपीआयला पोस्ट मारता येतं, वर्कफ्लोच्या पत्त्यापुढं डिसेबल किंवा एनेबल. पॉवरशेलमध्ये सेट एझेड लॉजिक ॲप, स्टेट डिसेबल्ड. डिसेबल केलं की नवीन रन तयार होत नाही, पण चालू असलेले आणि रांगेतले रन पूर्ण होईपर्यंत चालतात. म्हणजे डिसेबल केलं की सगळं शांत, असं नाही. आपण वाट बघायची.

जुलै २०२१ चा पूर आठवतोय ना, हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली होता. आमच्या क्लायंटचा माल निघणारच नव्हता म्हणून मी ऑर्डरचा वर्कफ्लो डिसेबल केला, स्क्रिप्टनं, व्यवस्थित. पाणी उतरल्यावर एनेबल केला. आणि मला वाटलेलं की आता इथून पुढच्या ऑर्डर येतील. तसं नसतं! वर्कफ्लो सुरू करणारा ट्रिगर आपण कुठं थांबलो होतो ते लक्षात ठेवतो आणि एनेबल केल्यावर मधल्या सगळ्या दिवसांचं न झालेलं काम एकदम उचलतो. पुराच्या सगळ्या ऑर्डर, त्यातल्या निम्म्या फोनवर रद्द झालेल्या, एका झटक्यात ईआरपीवर. ईआरपी झोपलाच. मागचं नको असेल तर एनेबल करायच्या आधी ट्रिगरमध्ये काहीतरी बदल करून सेव्ह करायचं म्हणजे त्याची आठवण पुसते, मग बदल परत पहिल्यासारखा करायचा. हे मला नंतर डॉक्युमेंटेशनमध्ये सापडलं, तिथं स्पष्ट लिहिलेलं होतं.

त्यामुळं माझं म्हणणं असं की स्टॉपचा कोड लिहायच्या आधी कागदावर एक वाक्य लिहा. बंद असताना जे येईल ते साठवायचं, टाकून द्यायचं, की पाठवणाऱ्याला नाही म्हणून सांगायचं? आयटीवाल्यानं हे ठरवायचं नाही, ज्याचा माल आहे त्याला विचारायचं. मी विचारलं नव्हतं.

साखरपट्टा
ताई, हे शेवटचं वाक्य मी आमच्या टीमच्या फळ्यावर लिहितोय.

तांबडापांढरा
अपाचे निफाय (डेटा इकडनं तिकडं नेणारं अजून एक सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. प्रोसेसरच्या, म्हणजे कामाच्या एकेका पायरीच्या, रन स्टेटसला रेस्ट एपीआयनं पुट करायचं, स्टेट रनिंग किंवा स्टॉप्ड, पण सोबत रिव्हिजन नंबर द्यावा लागतो. आधी गेट करून ताजी रिव्हिजन घ्या मगच पुट करा, जुनी दिली तर एरर. आणि एकेक प्रोसेसर बंद करत बसू नका, आख्खा प्रोसेस ग्रुप एका कॉलमध्ये बंद होतो. बंद केल्यावर मधल्या रांगेतला डेटा रांगेतच राहतो, डोळ्यांनी दिसतो, हे मला निफायचं फार आवडतं.

गडहिंग्लजकर
एन-एट-एन हे वर्कफ्लोचं टूल सुद्धा चालतं, आम्ही छोट्या कामांना वापरतो. वर्कफ्लोच्या आयडीपुढं ॲक्टिव्हेट किंवा डीॲक्टिव्हेट असं पोस्ट मारायचं, हेडरमध्ये एपीआय की. पाच मिनिटांचं काम.

उद्यमनगर
ती एपीआय की कुठं ठेवलीय रे? स्क्रिप्टमध्येच लिहून गिटला टाकली नाहीस ना?

गडहिंग्लजकर
आत्ता काढतो.

पहिली_शिफ्ट
मीच तो झोप लागलेला. आमच्या सरांनी धागा वाचायला पाठवला म्हणून अकाउंट काढलं.

सर, झोप लागली हे खरं, पण ५:४० ला मला जाग आली आणि मी सगळी १७ स्टार्ट केली होती. कन्सोलमध्ये सगळीकडं स्टार्टेड दिसत होतं, म्हणून मी परत झोपलो. बिल तरी पण निघालं नाही त्याचं कारण मला काल सापडलं. रात्री स्टॉप करताना रिसीव्ह लोकेशन पण डिसेबल करायचं टिक होतं. स्टार्ट करताना ते एनेबल करायचं टिक मी केलं नाही. ऑर्केस्ट्रेशन चालू, पण त्याला मेसेज आणून देणारं दारच बंद. गाडी थांबली ती त्यामुळं. मला हे आधी सांगायला पाहिजे होतं पण तेव्हा माझं मलाच कळलं नव्हतं.

शिरोली_नाका
@पहिली_शिफ्ट बरं झालं लिहिलंस. मी इथं सगळ्यांसमोर झोपेवर खापर फोडलं, ते चुकलं माझं. ऑफिसमध्ये पण सगळ्यांना सांगतो.

रंकाळावेस
@पहिली_शिफ्ट तुझ्या पोस्टमुळं ह्यांचा प्रश्नच बदलला बघ. स्टेटस स्टार्टेड दिसणं आणि काम चालू असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणजे कोडनं स्टार्ट करून गप्प बसायचं नाही. ऑर्केस्ट्रेशन, त्याचं रिसीव्ह लोकेशन, त्याचा सेंड पोर्ट आणि होस्ट इन्स्टन्स, चारही बघायचे, आणि मग एक खोटा मेसेज आत सोडून तो पलीकडं निघाला का ते बघायचं. नाही निघाला तर फोन वाजला पाहिजे कुणाचातरी.

आता रात्री लिहितो म्हणालो होतो ते. माझ्या मते तुम्ही १७ दारं बंद करायचीच नाहीत. ईआरपीकडं जाणारे सेंड पोर्ट किती आहेत? दोन-तीन असतील. तेवढेच स्टॉप करा. अनएनलिस्ट नाही, स्टॉप. ऑर्केस्ट्रेशन सगळी चालू राहू देत, बाहेरनं शेड्यूल येत राहू देत, ईआरपीच्या तोंडाशी पाणी अडेल आणि बॅकअप झाला की सोडायचं. साखरपट्ट्याचाच बंधारा. बटण दोन-तीन पोर्टचं, स्टार्टचा क्रम पाळायची भानगड नाही. नाहीतर एक ऑर्केस्ट्रेशन दुसऱ्याला बोलवत असेल तर चालू करताना बोलवलेलं आधी आणि बंद करताना बोलवणारं आधी, हा क्रम कोडमध्ये सांभाळावा लागतो.

शिरोली_नाका
अरे देवा. हे एवढं सोपं मला सुचलं कसं नाही. उद्या बसतो यावर.

राधानगरी_रोड
सगळे बटणाबद्दलच बोलताय म्हणून दुसरी बाजू लिहितो. आमच्याकडं बटणच नाही.

राधानगरी धरणाला ७ स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की पाण्यानं ते आपोआप उघडतात, एका दरवाजातनं १४२८ क्युसेक, आणि पाणी उतरलं की आपोआप मिटतात. शाहू महाराजांच्या धरणाचं हे बघत आम्ही मोठे झालो. आम्ही कॅमलला तशी रूट पॉलिसी लावलीय, थ्रॉटलिंग इनफ्लाइट नावाची तयार मिळते. वाटेतले मेसेज ठराविक आकड्याच्या वर गेले की ती घेणाऱ्याला थांबवते, कमी झाले की सोडते. पण दोन आकडे ठेवायचे, एक नाही. ५०० ला बंद आणि ४९९ ला चालू असं ठेवलं तर दार दिवसभर फडफडतं. आम्ही ५०० ला बंद, १०० ला चालू ठेवलंय. आणि त्याच्या अलीकडं ३०० ला नुसता मेसेज येतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ आहे ना, मधल्या चार फुटांत लोकांना घरं आवरायला वेळ मिळतो. तसा वेळ आम्हाला मिळतो.

रंकाळावेस
बिझटॉकला पण असा स्वयंचलित दरवाजा आहे. डेटाबेसमधल्या मेसेजचा आकडा डिफॉल्ट ५०,००० च्या वर गेला की तो स्वतःच थ्रॉटल करतो, म्हणजे कामाचा वेग कमी करतो. सेंड पोर्ट अडवून ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, बंधारा फुगला की धाप त्यालाच लागते.

पेठेतला_पाहुणा
आणि ज्यांना कोड टाळायचाय त्यांच्यासाठी: २०१६ च्या फीचर पॅक १ पासून बिझटॉकला मॅनेजमेंटचे रेस्ट एपीआय आहेत. डीसीओएम (विंडोजची लांबनं जोडायची पद्धत) आणि फायरवॉलशी न भांडता बाहेरच्या सर्व्हरवरून चालू-बंद करता येतं. एंटरप्राइझ किंवा डेव्हलपर एडिशन लागते. मी अजूनही म्हणतो की रोजच्या बॅकअपला सर्व्हिस विंडोच लावा.

मंगळवारपेठ
२०२० हे बिझटॉकचं शेवटचं व्हर्जन, पुढं नवीन येणार नाही. मग आत्ता यात कोड लिहावा का?

शिरोली_नाका
@मंगळवारपेठ फौंड्री काय उद्या सगळं बदलणार नाही. तोवर गाडी रोज सुटायला पाहिजे.

शिरोली_नाका
तीन आठवड्यांनी परत आलोय, काय झालं ते सांगायला. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांचे मनापासून आभार, हे सगळं तुमच्यामुळं झालं.

रंकाळावेस म्हणाले तसं सेंड पोर्ट मोजले, तीन निघाले. पण १७ पैकी दोन ऑर्केस्ट्रेशन पोर्टनं जातच नव्हती, एक्सप्रेशन शेपमधनं थेट ईआरपीच्या डेटाबेसमध्ये लिहीत होती. कुणी कधी केलं माहीत नाही, डॉक्युमेंटमध्ये नाही. ती दोन कोडनं वेगळी स्टॉप करतो, चाललेले इन्स्टन्स संपेपर्यंत थांबून, सस्पेंडचं टिक न देता. हळूहळू ती पण पोर्टवर आणणार.

रोजच्या बॅकअपला सर्व्हिस विंडो लावली, पाहुण्यांचं ऐकलं. क्लोजिंगला बटण. एक छोटं टेबल केलंय, त्यात आत्ता काय चालू असायला पाहिजे, कुणी सांगितलं, किती वाजता आणि किती वाजेपर्यंत एवढंच. सर्व्हिस दर मिनिटाला टेबल वाचते आणि प्रत्यक्षात तसं आहे का बघते, नसेल तर तसं करते. आधीच चालू असेल तर काही करत नाही. सर्व्हिसच्या अकाउंटला बिझटॉक ऑपरेटर्समध्ये टाकलंय, ॲडमिन नाही, चालू-बंदला तेवढं पुरतं.

आणि ताराराणी चौक ताईंचं वाक्य घेऊन अकाउंटच्या साहेबांकडं गेलो. बंद असताना येईल त्याचं काय करू म्हणून विचारलं. ते म्हणाले, शेड्यूल साठवा, पण जुन्या महिन्याची रिटर्न नोट क्लोजिंगनंतर आत आली तर मला चालणार नाही, ती बाजूला काढून मला दाखवा. हे आम्हाला दहा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्ही विचारलं पण नव्हतं.

एक फटका बसलाच. एका ऑर्केस्ट्रेशनमध्ये ईआरपीच्या उत्तराला ६० मिनिटांचा टाइमआउट होता. पोर्ट तीन तास बंद, त्यामुळं पहिल्याच रात्री १२ वाजता एररच्या मेलचा पाऊस. टाइमआउट वाढवून ८ तास केला. म्हणजे आता ईआरपी खरंच मेला तर ८ तास कळणार नाही, त्याचं काय करायचं अजून ठरत नाहीये.

दूधकट्टा
टाइमआउट परत ६० ला आणा. टाइमआउट झाल्यावर तुमचं ते टेबल बघा, पोर्ट आपण मुद्दाम बंद केलाय असं असेल तर परत वाट बघायला लावा, नसेल तर लगेच फोन.

शिरोली_नाका
हे होईल. लूपमध्ये घालून बघतो.

उद्यमनगर
आणि @पहिली_शिफ्ट, तुझं काय?

पहिली_शिफ्ट
आता रात्री दोनचा गजर नाही. तो खोटा मेसेज सोडून बघायचं काम माझ्याकडं दिलंय, सकाळी साडेसहाला सर्व्हिस सोडते आणि निकाल माझ्या फोनवर येतो. गेल्या गुरुवारी आला नाही. बघितलं तर विंडोज अपडेटनंतर होस्ट इन्स्टन्स उठलाच नव्हता, टेबलच्या यादीत तो धरलेलाच नव्हता. चालू केला, गाडी ७:१० ला सुटली. आता तो पण यादीत आहे.